चौघी मैत्रिणी, मिलान आणि कोमो तलाव: मुक्काम कुठं करावा?

टिळकवाडीची टीचर

नमस्कार. आम्ही चौघी पहिलीपासून दहावीपर्यंत एका वर्गात होतो. तिघी बेळगावातच राहिलो, एक लग्न होऊन चंदगडला गेली. सहा वर्षं आमची भिशी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी ठरलं की यापुढं भिशीच्या पैशातून कुणी बांगड्या करायच्या नाहीत, पन्नाशीला चौघींनी मिळून लांब कुठंतरी जायचं. इटलीतलं मिलान आणि कोमो तलाव, पाच रात्री, असं मनात आहे. टूरबरोबर जायचं नाही, कारण आम्हाला धावायचं नाही, पाण्याकाठी बसून बोलायचं आहे.

पण सुट्ट्यांचा मेळ बसत नाही. मी बेळगावच्या शाळेत, आमची मोठी सुट्टी दसऱ्याची. चंदगडची मैत्रीणही शिक्षिका, पण ती महाराष्ट्रात, तिची सुट्टी दिवाळीची. तासाभराच्या रस्त्यावर राहतो आणि सुट्टी एक नाही. दसऱ्याला जावं की दिवाळीला?

दुसरं, एका मैत्रिणीच्या गुडघ्यांना पायऱ्या अजिबात चालत नाहीत. राजहंसगडावर गेलो तेव्हा ती खाली गाडीत बसून राहिली आणि आम्ही तिघी वर जाऊन फोटो काढून आलो. ते मला अजून टोचतं. या वेळी तिला मागं ठेवायचं नाही. म्हणून तलावावर मुक्काम कुठं करावा ते नीट कळायला हवं.

आणि एक मैत्रीण जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा काहीच नाही. तिचं काय होईल?

खानापूर रोड

टीचर, मी मिलानला दोन वर्षं शिकायला होतो. व्हिसाचं आधी बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतोच. अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा ते राहत्या पत्त्यावर ठरतं. चंदगड महाराष्ट्रात येतं, त्यामुळे चौघींचा अर्ज एकाच ठिकाणी जाईल असं धरून चालू नका.

लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ हे चित्र बघायचं असेल तर तिकीट विमानाच्या तिकिटाइतकंच आधी काढा. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहातल्या भिंतीवर आहे ते, थोडे थोडे लोक आत सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. सोमवारी बंद. आयत्या वेळी मिळेल या आशेवर जाऊ नका.

आणि संप. तिकडं रेल्वेचा संप जाहीर करून होतो, बहुतेक वेळा शुक्रवारी. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठराविक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. ‘शोपेरो’ म्हणजे संप, हा शब्द स्टेशनवर दिसला की हे वेळापत्रक आठवा.

वडगावची लेक

ताई, दसऱ्यालाच जा. चंदगडच्या ताईंना रजा टाकायला सांगा, वर्षभराच्या शिल्लक रजा कशासाठी असतात? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं एक तास मागं करतात, मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधारायला लागतं. नोव्हेंबर लागला की तलावावरच्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि बागांचे बरेचसे व्हिला हिवाळ्यासाठी बंद होतात. पाच रात्रींसाठी एवढं लांब जाऊन पाच वाजता खोलीत बसायचं, हे मला पटणार नाही.

आम्ही तिघी गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी गेलो होतो. आमची चूक अशी, की २५ एप्रिल हा इटलीचा मुक्ती दिन, राष्ट्रीय सुट्टी, हे बघितलंच नाही. त्या दिवशी सगळं मिलान आमच्याच गाडीत होतं. तासभर उभ्यानं गेलो. आणखी एक चूक त्याच दिवशी झाली. लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. आम्ही काढलेलं तिकीट पर्समध्ये तसंच. दंड भरला. तुम्ही फोनवर तिकीट काढा, नाहीतर यंत्र शोधल्याशिवाय चढू नका.

आता मुक्काम. माणूस दोन पाय पसरून उभा राहावा तसा तो तलाव आहे. एका पायाशी कोमो शहर, दुसऱ्या पायाशी लेक्को, आणि पाय फुटतात तिथं टोकावर बेल्लाजिओ. फोटो सगळे बेल्लाजिओचे असतात आणि त्या फोटोत ज्या सुंदर दगडी गल्ल्या दिसतात त्या सगळ्या पायऱ्या आहेत. वारेन्नाला मिलानहून थेट गाडी आहे, साधारण तासाभराची, पण स्टेशन वर आणि बोटीचा धक्का खाली. सामान घेऊन उतरताना मला घाम फुटला, माझे गुडघे धड असून. तुमच्या मैत्रिणीसाठी मी कोमो शहरच सांगेन. मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून गाडी धरली की तासाभरात कोमो लागो, म्हणजे तलावाचंच स्टेशन. तिथून बोटीचा धक्का सपाट रस्त्यानं काही मिनिटांवर. पाण्याच्या काठाकाठानं चालायचा रस्ताही सपाट, बाकं भरपूर.

आणि वर जायचं असेल तर ब्रुनातेची फ्युनिक्युलर. १८९४ पासून चालते. दोरानं ओढलेला डबा सात मिनिटांत डोंगर चढतो, जवळजवळ पाचशे मीटर. गुडघ्यांना काही करावं लागत नाही. राजहंसगडाचं जे राहिलं ते तिथं भरून काढा. चौघी एकाच बाकावर बसून खाली तलाव बघा.

खरं सांगायचं तर मी कोमोला तलावासाठी गेलेच नव्हते. रेशमासाठी गेले. आमच्या घरात दोन माग होते. वडील शहापुरी साडी विणायचे, आई फणी भरायची आणि मी शाळेतून आले की दप्तर टाकून कांड्या भरायला बसायची. घरात ठक-ठक थांबली की आई आधी विचारायची, कोण आलं? कोमोला रेशमाचं संग्रहालय आहे. किड्यांच्या पाट्यांपासून सुरुवात होते, मग पीळ देण्याची यंत्रं, माग, रंगाच्या कढया, छपाईचे साचे. मागाच्या खोलीत शिरले आणि माझा हात आपोआप धोट्याकडं गेला. हात लावायला मनाई आहे तिथं. एक वयस्क बाई राखण करत होत्या, त्या उठून आल्या. मला इटालियन येत नाही. मी हातानं कांडी भरून दाखवली, चाक फिरवायचं, धागा बोटातून सोडायचा. त्यांनी मला ओरडायच्या जागी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तीच खूण उलट करून दाखवली. त्याही लहानपणी तेच करत होत्या. आम्ही दोघी पाच मिनिटं तशाच उभ्या. माझ्या मैत्रिणी पुढं निघून गेल्या होत्या, त्यांना काही कळलंच नाही.

तिथं एक गोष्ट मनाला लागली. कोमोच्या आसपास आता रेशमाचे कोष होत नाहीत. कच्चं रेशीम बाहेरून येतं, मुख्यतः चीनमधून. तरी जगात नाव कोमोचं, कारण छपाई, रंग आणि शेवटचा हात त्यांचा. देशातलं सर्वाधिक कच्चं रेशीम आपल्या कर्नाटकात होतं आणि आमच्या गल्लीतले माग एकेक करून भंगारात गेले. आपल्याकडं हात नव्हते असं नाही ना. हे मी तिथून आल्यापासून ज्याला त्याला सांगत असते, म्हणून इथंही लिहिलं.

मिलानला दोन रात्री पुरतात. दुओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च, चुकवू नका. काम १३८६ ला सुरू झालं आणि शतकानुशतकं चाललं. संगमरवर कांदोलियाच्या खाणीतून माज्जोरे नावाचा दुसरा तलाव, नदी आणि मग कालव्यातून शहरापर्यंत नावेनं आणायचे. त्यातला नाविल्यो ग्रांदे कालवा अजून आहे, संध्याकाळी त्याच्या काठी बसा. छतावर लिफ्ट जाते, पण वर गेल्यावरही थोड्या पायऱ्या आहेत, मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेवा. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेस असला की प्रश्नच नाही. प्यायच्या पाण्यासाठी रस्त्यावर हिरवे लोखंडी नळ आहेत, पितळी तोंडाचे. बाटल्या विकत घेऊ नका.

जैन ताईंसाठी: ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’, म्हणजे कांदा नको, लसूण नको. कागदावर लिहून दाखवा. मिलानचा केशरी रिझोत्तो बघून वाटतं आपला केशरी भात, पण तो परंपरेनं गाईबैलाच्या हाडांच्या रसात आणि मज्जेत करतात. शाकाहारी माणसानं विचारल्याशिवाय खाऊ नये. पार्मेझान चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचं विरजण, असतं, हे त्यांना माहीत असू दे, पुढं काय ते त्या ठरवतील. पोलेंता चालेल, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, नुसतं मागवायचं आणि वर घरची शेंगाचटणी. चटणी, मेतकूट, खाकरे न्या. कुंदा मात्र नेऊ नका. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून न्यायला परवानगी नाही, तूपही नाही. आमच्या एकीनं पाव किलो कुंदा खास घेतला होता, तो मी विमानतळावर जायच्या आधीच भाचीला देऊन टाकायला लावला.

निपाणीकर

वरच्या ताईंचं सगळं पटलं, पण मुक्काम कोमो शहरात नको असं माझं मत. शहर ते शहरच. आम्ही पाच मित्र वारेन्नाला राहिलो. तिथून बेल्लाजिओ, मेनाज्जो, कादेनाब्बिया सगळं बोटीनं जवळ. बेल्लाजिओ तर पंधरा मिनिटांवर. कोमोहून बेल्लाजिओला साध्या बोटीनं दोन तास लागतात की! एक दिवस नुसता बोटीत जातो.

आणि मासे खाणाऱ्यांनी मिसोल्तीन खाल्ल्याशिवाय परत येऊ नये. तलावातला छोटा मासा मीठ लावून उन्हात वाळवतात, तमालपत्र घालून डब्यात दाबून ठेवतात आणि मग भाजून व्हिनेगर घालून पोलेंताबरोबर देतात. पहिला घास घेतला आणि आमच्यातला एकजण म्हणाला, अरे हा तर आपला सुका बांगडा! एवढ्या लांब येऊन आजीच्या चुलीचा वास आला बघा.

वडगावची लेक

निपाणीकर दादा, बोटीत दोन तास जातात हे खरं. पण टीचर काय म्हणाल्या ते परत वाचा, त्यांना पाण्याकाठी बसून बोलायचं आहे. बोटीत बसून दोन तास दोन्ही काठांची गावं सरकताना बघणं यापेक्षा आणखी काय हवं? घाई असेल तर जलद बोट पाऊण तासात नेते, पण तिच्यात बंद काचेमागं बसावं लागतं. जाताना साधी, येताना जलद, असं करा. साध्या बोटीत उघड्यावर बसायचं, आणि दुपारची शाल बरोबर ठेवायची. सकाळी उत्तरेकडून वारा येतो त्याला तिवानो म्हणतात, दुपारी दक्षिणेकडून येतो तो ब्रेवा. ब्रेवा सुटला की ऊन असूनही अंगावर काटा येतो.

गुडघे धड असतील तर वारेन्ना माझ्याही मनाजोगतं आहे. इथं गुडघ्यांचाच प्रश्न आहे.

खानापूर रोड

कोमोला मुक्काम करत असाल तर तलावाच्या काठी पांढरं घुमटाचं एक स्मारक दिसेल, तेही बघा. ते आलेस्सांद्रो व्होल्टाचं. तो कोमोचा, जन्म १७४५ चा. पहिली विजेची बॅटरी त्याचीच आणि व्होल्ट हे एकक त्याच्या नावावरून. शाळेतल्या मुलांना सांगायला फोटो होईल. आणि जेवणाच्या वेळा सांभाळा, दुपारी अडीचनंतर बरीच हॉटेलं स्वयंपाकघर बंद करतात ते थेट संध्याकाळी सातला उघडतात. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडे पैसे लावतात, ती फसवणूक नाही, टेबलावर बसायचं शुल्क आहे.

टिळकवाडीची टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघी माझ्या घरी बसून हे सगळं वाचलं. चंदगडच्या मैत्रिणीनं तिथल्या तिथं मुख्याध्यापकांना फोन लावला, आठ दिवसांची रजा मागितली. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं नक्की झालं. दोन रात्री मिलान, तीन कोमो. ‘लास्ट सपर’चं तिकीट माझा मुलगा बघतोय.

वडगावच्या ताई, तुमचं रेशमाचं वाचताना आमची गुडघेवाली मैत्रीण उठून आत गेली. मला वाटलं तिला पायऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. ती घरी जाऊन परत आली ती आईची शहापुरी साडी घेऊन, तिच्या लग्नातली, काठ अजून शाबूत. कोमोला ती साडी नेसून त्या संग्रहालयात जाणार म्हणते. तुम्ही सांगितलेल्या त्या बाई अजून तिथं असतील तर त्यांना काठ दाखवायचाय तिला. आणि ब्रुनातेच्या डब्यात खिडकीची जागा तिची, हे आम्ही तिघींनी आधीच कबूल केलंय.