टर्कीसाठी कुठलं काडतूस, आणि किती यार्डांपर्यंत बार टाकावा?

मिझुरीकर: नमस्कार मंडळी, अमेरिकेत मिझुरी राज्यात सेंट लुईसजवळ राहतो, यंदा स्प्रिंगला पहिल्यांदाच टर्कीचं परमिट काढतोय. बंदूक १२ गेज पंप, ३ इंची चेंबर, फुल चोक (छर्रे एकत्र ठेवायला नळीचं तोंड आवळलेलं) आहे. दुकानात टीएसएसची (टंगस्टनच्या छर्ऱ्यांची) काडतुसं बघितली, पाचाच्या पाकिटाला पन्नासेक डॉलर, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो याने ६० यार्डांवरचा पक्षी पण पडतो. एवढे पैसे घालायची खरंच गरज आहे का, की लेड ५ नंबर (शिशाचे छर्रे) पुरेल? आणि मुख्य म्हणजे किती लांबून मारणं योग्य, पक्षी जायबंदी होऊन झाडीत कुठेतरी तडफडत मेला तर ते मला अजिबात चालणार नाही

रानवाट: भाऊ, ४० यार्डांच्या आत लेड ५ आणि फुल चोक मस्त काम करतात, लोक कित्येक वर्षं त्यावरच टर्की मारत आलेत. टीएसएस म्हणजे टंगस्टन, घनता १८ च्या आसपास, लेडची ११, म्हणून ९ नंबरचा बारका छर्रासुद्धा साधारण लेड ५ एवढा आत घुसतो आणि बारका असल्यामुळे एका औंसात साडेतीनशेच्या वर छर्रे बसतात, लेड ५ चे जेमतेम १७०. पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा, दाट पडतो हे खरंय. पण जास्त फायदा २० गेज नाहीतर ४१० अशा लहान नळीवाल्यांना, हलक्या बंदुकीत तेवढंच काम होतं. तुमचं त्यावाचून अडत नाही.

ओझार्कची_लेक: दादा, पाकिटावर काय लिहिलंय ते सोडा, तुमचं अंतर तुमच्या बंदुकीचा कागद ठरवणार. मोठा कागद लावा, आधी स्वस्तातल्या काडतुसांनी नेम मध्ये बसतोय का बघा, मग जे काडतूस शिकारीला नेणार तेच २०, ३०, ४० यार्डांवरून मारा आणि जिथे सगळ्यात दाट पडलंय तिथे १० इंची वर्तुळ काढून छर्रे मोजा. ४० वर वर्तुळात शंभर तरी हवेत, हा जुना हिशोब आहे. ३० ला भरतात पण ४० ला भरत नाहीत? मग तुमची हद्द ३०, विषय संपला. एकाच चोकमधून दोन कंपन्यांचं ५ नंबर वेगवेगळं पडतं त्यामुळे दुसऱ्याचा कागद बघून काही ठरवू नका

६० यार्डांबद्दल स्पष्टच सांगते, मारू नका. छर्ऱ्यात जोर शिल्लक असेलही, पण आपल्याला लागायला हवी कवटी आणि मानेचं हाड, तेवढी चिंचोळी जागा, ती पण सतत हलणारी, आणि उघड्या शेतात ५५ यार्ड डोळ्यांना ४० वाटतात. बसल्याबसल्या रेंजफाइंडरने आजूबाजूच्या दोनचार झाडांचं अंतर मोजून ठेवा, पक्षी तुमच्या हद्दीतल्या झाडाच्या अलीकडे आल्याशिवाय सेफ्टीला हात नाही. आणि अगदी जवळचा बार सोपा समजू नका, १२-१५ यार्डांवर पॅटर्न मुठीएवढा असतो, गाल स्टॉकवरून जरा उचलला की सगळं डोक्यावरून जातं.

मिझुरीकर: ताई खूप आभार, या शनिवारी रेंजवर जातो. अजून एक, तो पिसारा फुलवून समोर उभा राहिला तर छाती केवढी मोठी दिसते, तिथे मारलं तर?

ओझार्कची_लेक: नाही, छातीवर कधीच नाही. पिसं आणि जाड मांस छर्रे अडवतात, पक्षी उडून जातो आणि नंतर मरतो. पिसारा फुलवला की मान आखडलेली असते, थांबा, कॉलवर (टर्कीचा आवाज काढायचं साधन) एक छोटा क्लक द्या, तो मान ताणून बघेल तेव्हा जिथे लाल गळा संपून पिसं सुरू होतात तिथे नेम धरा. मागे दुसरा पक्षी असेल तर तो बाजूला होईपर्यंत बार टाकायचा नाही.

रानवाट: आणि मिझुरीत ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा (नंबर जेवढा कमी तेवढा छर्रा मोठा) चालत नाही हं. स्प्रिंगला फक्त नर, किंवा छातीवर दाढी (राठ केसांसारखा झुबका) लोंबत असलेला पक्षी, ती नीट दिसली तरच.