अनुभव धागा: रुग्णालयातलं समाजसेवा कार्यालय

वैद्यकीय समाजसेवकांनी (शासकीय भाषेत समाजसेवा अधीक्षक) लिहायचा हा धागा. किस्से नकोत. नवीन रुजू झालेल्याला उद्याच्या राउंडला उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

शासकीय रुग्णालय, योजनांचं काम

पेशंट दाखल होतो त्याच दिवशी मूळ रेशनकार्ड आणि आधार मागवा. महात्मा फुले योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) अडचण बहुतेक वेळा आजाराची नसते, नावाची असते. बाईचं आधार माहेरच्या नावाने, कार्डावर सासरचं नाव, कधी वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. नातेवाईक गावी कागद आणायला जातात आणि त्यात दोन दिवस जातात. ते दोन दिवस तपासण्या चालू असतानाच गेले तर बरं, ऑपरेशनची तारीख लागल्यावर नको.

5 लाखांचं संरक्षण वर्षाला अख्ख्या कुटुंबाला मिळून आहे, माणशी नाही. हे पहिल्यांदाच सांगावं लागतं. पूर्वमंजुरीआधी शस्त्रक्रिया झाली की दावा अडकतो. तातडीची केस असेल तर आरोग्यमित्राकरवी (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) लगेच फोनवरून नोंद करून घ्या, कागद मागून जोडता येतात. आणि नातेवाइकांना बाहेरच्या मेडिकलमधून इम्प्लांट आणू देऊ नका. उपचार कॅशलेस आहेत, ती पावती पुढे कोणी विचारत नाही.

धर्मादाय रुग्णालय

10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. खर्च एकूण बिलांचे 2 टक्के बाजूला काढून ठेवलेल्या निधीतून होतो. तातडीच्या पेशंटकडून अनामत मागायची नाही, हे कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं धरू नका. तो रोज बदलतो.

लोक सवलतीचं नाव काढतात ते डिस्चार्जच्या दिवशी, अंतिम बिल हातात आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून राउंडला बिल विभागाची यादी सोबत ठेवा आणि अनामतीचा दुसरा हप्ता थकलेल्या खाटेपाशी आधी जा.

मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज फुले योजना आणि धर्मादाय सवलत तपासून झाल्यावरच करा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि पेशंट खाटेवर असतानाचा जिओ टॅग फोटो लागतो. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. घरी गेल्यावर केलेल्या अर्जाला अर्थ उरत नाही.

अवयवदान समन्वयक

मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांमध्ये किमान 6 तास जावे लागतात. पहिली तपासणी झाली की डॉक्टरांसोबत बसून फक्त मृत्यू समजावून सांगायचा. दानाचा शब्दही नको. व्हेंटिलेटरवर ‘जिवंत ठेवलंय’ हा शब्दप्रयोग स्टाफच्या तोंडून गेला की सगळं बिघडतं, कारण छाती हलताना घरच्यांना दिसतच असते. ‘यंत्र श्वास देतंय, मेंदू गेला आहे’ एवढंच, शांतपणे आणि सगळ्यांनी तेच सांगायचं. होकार आल्यावर पुढचा खर्च कुटुंबाच्या बिलात चढत नाही ना, ते स्वतः पाहा. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांना होकाराच्या क्षणीच फोन करा, नाहीतर अवयव निघतात आणि देह मात्र कागदासाठी शवागारात पडून राहतो. अशा घरात नंतर कोणी दानाचं नाव घेत नाही.

क्षयरोग वॉर्ड

नोव्हेंबर 2024 पासून पोषणाचे महिना 1000 रुपये आहेत, पण बंद पडलेल्या किंवा आधार न जोडलेल्या खात्यात ते येत नाहीत. पासबुक पाहा, तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नका. तसंच ‘गोळ्या घेतल्या का?’ असं न विचारता ‘पाकीट दाखवा’ म्हणा.

अनोळखी पेशंट

दाढी करण्याआधी फोटो घ्या. गोंदण, जुने टाके, कानाची भोकं लिहून ठेवा. कपडे धुवायला देऊ नका, पिशवीत भरून तारीख घाला. शर्टाच्या कॉलरवरची शिंप्याची पट्टी आणि खिशातलं एसटीचं तिकीट यावरून पोलिसांना तालुका तरी कळतो. शुद्धीवर आल्यावर आधी नाव नका विचारू. गावाजवळची जत्रा, नदी, बाजाराचा वार विचारा.