अक्षावरच्या खुणा: हाताने मांडायच्या की लोकेटरवर सोपवायच्या?

मूळ मुद्दा
मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) सेट_एक्सटिक्स या आज्ञेला आकड्यांची यादी देऊन एक्स अक्षावरच्या खुणा पक्क्या करण्याची सवय मोडायला हवी. खुणा कुठे पडाव्यात हे ठरवतो तो लोकेटर. यादी दिली की अक्षावर फिक्स्डलोकेटर बसतो, म्हणजे जागा कायमच्या ठरतात. यादी ०, ५०, १००, १५० अशी असताना १०१ ते १०५ वर झूम केलं, तर अक्षावर एकही खूण उरत नाही. यादीतला आकडा डेटाच्या बाहेरचा असेल तर अक्षाची मर्यादाही ताणली जाते, मग मर्यादा ठरवणारं सेट_एक्सलिम त्यानंतर लिहावं लागतं. पल्ला बघून खुणांच्या जागा स्वतः निवडणारा मॅक्सएनलोकेटर असताना हा खटाटोप कशाला?

प्रतिसाद १
साफ असहमत. छापील आकृतीत झूम नसतो. मोजमापं १, ३, १०, ३०, १०० या मात्रांना घेतली असतील, तर खुणाही तिथेच हव्यात. अशा मात्रांसाठीच्या लॉग अक्षावर (समान अंतरावर दहापट वाढणाऱ्या) लोकेटर मुख्य खुणा १, १०, १०० वरच देईल. आणि ठरावीक पायरीवर खुणा देणारा मल्टिपललोकेटर तर पल्ला बघतच नाही: पायरी ०.१ आणि अक्ष ० ते ५००० म्हणजे सुमारे ५०,००० खुणा. १००० च्या वर गेल्यावर लायब्ररी इशारा देते खरी, पण खुणा काढायचं थांबवत नाही. चित्र तिथेच अडकतं.

मूळ लेखक
मात्रांचं मान्य. मात्र तिथे यादी देऊन काम संपत नाही. मुख्य खुणांना साधे आकडे छापणारा स्केलरफॉरमॅटर लावा, नाहीतर १० चे घात छापले जातात. पल्ला दहापटीहून कमी असेल तर मधल्या गौण खुणांची लेबलंही मध्ये घुसतात, त्यांना काहीच न छापणारा नलफॉरमॅटर लावा.
मल्टिपललोकेटर मी पायरीलाच अर्थ असेल तिथे वापरेन, उदाहरणार्थ कोन आणि ३० अंश. पल्ला आधी ठाऊक नसेल तर मॅक्सएनलोकेटर, त्यात एनबिन्स ही सेटिंग ६. हे ६ कप्पे आहेत, खुणा नव्हेत. खुणा ७ पर्यंत येतात. नगांची मोजणी असेल तर त्यातलीच इंटिजर (पूर्णांक) ही सेटिंग ट्रू करा, म्हणजे २.५ नग दिसणार नाहीत.

प्रतिसाद २
तुम्ही दोघे जागेवरून भांडताय, घात लेबलं करतात. जागा न ठरवता नुसतं सेट_एक्सटिकलेबल्स लिहिलं की लेबलं क्रमाने चिकटतात. पुढे मर्यादा बदलली, खुणा सरकल्या, तरी लेबलं तीच. आलेख चुकीचं सांगतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. इशारा येतो तो दाबू नका. आवृत्ती ३.५ पासून सेट_एक्सटिक्समध्येच लेबल्स देता येतात. त्यामुळे नावं द्यायची असतील तर हाताने मांडणंच बरोबर.

प्रतिसाद ३
अक्षावर खुणांची दाटी झाली की लोकेटर बदलण्याआधी डेटाचा प्रकार तपासा. सीएसव्हीच्या स्तंभात कुठेतरी एक "-" असेल तर पांडाज (डेटा वाचायची पायथन लायब्ररी) सगळा स्तंभ मजकूर म्हणून वाचतं. मग प्रत्येक वेगळ्या मूल्याला स्वतंत्र खूण मिळते, तीही आकड्यांच्या नव्हे तर पहिल्यांदा दिसल्याच्या क्रमाने. उपाय: पांडाजचं टू_न्यूमेरिक, एरर्स कोअर्स, म्हणजे मजकुराचे आकडे होतात आणि न जुळणारं मूल्य रिकामं होतं. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

प्रतिसाद १
प्रतिसाद ३ पटला. मूळ लेखकाच्या बाजूने लिहिणाऱ्यांसाठी एक भर: लोकेटरची एकच वस्तू (ऑब्जेक्ट) एक्स आणि वाय दोन्हींना देऊ नका. ती शेवटी जोडलेल्या अक्षाचीच मर्यादा वाचते. प्रत्येक अक्षाला नवी वस्तू बनवा.