विहीर मचूळ झाल्यापासून ससा पाणी पीत नाही

वाडीवरची (वेंगुर्ला)
नमस्कार मंडळी. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मुलाचा एक पांढरा ससा आहे, नाव कापश्या, वजन दोन किलोला थोडं कमी (वाण्याच्या काट्यावर तोलला, वाणी अजून हसतोय). पिंजरा मागच्या पडवीत, पत्र्याखाली. पाण्याला नळीची बाटली टांगली आहे, ती टोकाला गोळी असलेली.

मे लागला की आमची विहीर मचूळ होते. आम्ही प्यायचं पाणी वरच्या वाडीतून आणतो, पण सशाच्या बाटलीत विहिरीचंच जातं. हल्ली ती बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच असते. सासूबाई म्हणतात, सशाला पाणी लागत नाही, पाल्यातून मिळतं तेवढं पुरतं. पण लेंड्या बारीक झाल्यात. लघवी एरवी दुधाळ असते, काल चक्क नारिंगी झाली. रक्त असेल का? खायला गाजर, कोथिंबीर आणि पॅकेटातल्या गोळ्या देते, ते खातोय. दिवसाला पाणी किती जायला हवं? शहाळ्याचं दिलं तर चालेल का? माडावर आहेतच.

चिरेबंदी (गुहागर)
आधी नारिंगीचं सांगतो, म्हणजे आज झोप लागेल. सशाची लघवी पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे पिवळी, नारिंगी, विटकरी, कशीही होते. दुधाळपणाही त्याचा नेहमीचाच, कारण अंगातलं जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीवाटे टाकतो. लाल ठिपके किंवा गुठळ्या दिसल्या, किंवा लघवीला बसून कुंथत असेल, तर ते वेगळं, डॉक्टर गाठायचा. पाणी कमी पडलं की तेच कॅल्शियम मूत्राशयात गाळासारखं साठतं. म्हणून लघवी घट्ट होऊन वाळल्यावर खाली रवाळ चुना उरतोय का, तेवढं बघत राहा.

पाणी लागत नाही हे सासूबाईंना रानातल्या सशावरून वाटत असणार. तो रात्रभर दव पडलेलं गवत खातो. तुमचा कापश्या कोरड्या गोळ्या खातो, त्याला पाणी लागतं. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिली हा साधारण अंदाज, म्हणजे तुमच्याकडे शे-दीडशे मिली जायला हरकत नाही, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाला भरपूर असेल तर कमी प्यायला तरी चालतं, पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

आता बाटली. मला ती वस्तू मुळीच आवडत नाही. गोळी अडकते, थेंब थेंब येतं, आणि मान वर करून चाटत बसावं लागतं. ससा खाली मान घालून पिणारा प्राणी आहे, भांडं दिलं की जास्त पितो. पसरट आणि जड भांडं हवं, स्टीलची वाटी पहिल्याच रात्री उलटी मिळेल. आमच्याकडे आजीच्या वेळचा दगडी खल आहे, तो कुणाच्या बापाला हलत नाही. बाटली लगेच काढू नका. दोन्ही ठेवा, तो भांड्यावर रुळला की मग काढा.

आणि पाणी तुम्ही पिता तेच द्या. उन्हाळ्यात जमिनीतलं गोडं पाणी खाली गेलं की किनाऱ्यालगतच्या विहिरीत समुद्राचं खारं पाणी शिरतं. चव बदललेलं पाणी ससे तोंडाला लावत नाहीत.

शहाळं नको. त्यात साखर आणि पोटॅशियम दोन्ही आहे. कोकम सरबत तर नकोच नको, विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो. पाहुणे फार प्रेमळ असतात.

मालवणी मसालो
गो बाय, पाणी कमी जाला काय नाय ता भांड्यात बघान कळाचा नाय, लेंडये बघ. गोल, मोठे आणि भरपूर पडले म्हंजे झाला!

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
वरच्यांशी सहमत. फक्त भांड्यातलं पाणी वाऱ्यानेही उडतं. मोजायचं असेल तर तसंच दुसरं भांडं तेवढंच पाणी घालून पिंजऱ्याबाहेर ठेवा आणि त्यातली घट वजा करा. ससे बहुतेक पाणी संध्याकाळनंतर आणि पहाटे पितात, त्यामुळे दुपारी भांडं भरलेलं दिसलं तर घाबरू नका.

पत्र्याखालून मात्र त्याला आजच हलवा. सशाला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. तीस अंशांच्या वर आणि त्यात आपली दमट हवा, म्हणजे जिवावरचा खेळ. माजघरात लादीवर ठेवा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवता येते, पण आपल्याकडे तिला इतकं पाणी सुटतं की खालचं गवत भिजून बुरशी धरतं, तेव्हा खाली ताट ठेवा.

एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खाणं किंवा लेंड्या बारा तास बंद पडल्या तर घरचे उपाय करत बसू नका. सशाचं आतडं थांबलं की तो झपाट्याने खचतो. अशा वेळी सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका, फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि पोट फुगलेलं असेल तर त्रास वाढतो. डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात. तालुक्याचे डॉक्टर बहुतेक गाई-म्हशी बघणारे असतात, म्हणून ससे कोण बघतं ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक तर अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिन पोटात गेलं तर ससा दगावू शकतो.

वाडीवरची (वेंगुर्ला)
सगळ्यांचे आभार. पिंजरा माजघरात आणला, वरच्या वाडीचं पाणी मातीच्या परळात दिलं. प्यायला! पण परळ खालून ओला होतो आणि पाणी झिरपतं. खल आमच्याकडेही आहे, पण त्यात वर्षानुवर्षं मिरी आणि लसूण कुटलाय. चालेल? आणि गवत कुठलं घालू? भाताचा पेंढा भरपूर आहे.

चिरेबंदी (गुहागर)
परळ कच्चा भाजलेला आहे, झिरपणारच. वाईट काही नाही, पण रोज घासावा लागेल, शेवाळ धरतो. खल गरम पाण्याने दोन-तीनदा घासून उन्हात तापवा, साबण नको. मग नाक लावून बघा. तुम्हाला लसणाचा वास आला तर त्याला कधीच आलाय. अशा वेळी जाड चिनी मातीचा बाऊल बरा, आठवडी बाजारात मिळतो.

पेंढा अंथरायला वापरा, खाण्यात त्याला फारसा कस नाही. पोटासाठी वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं, आणि कोरडं गवत खाल्लं की पाणी आपोआप जास्त जातं. गाजर म्हणजे खाऊ, बोटाच्या पेराएवढं. ताज्या हिरव्यात दूर्वा उत्तम, ओल्या करूनच द्या, तेवढंच पाणी जास्त जातं पोटात. पण आंब्याच्या बागेतल्या काढू नका, तिथे फवारण्या झालेल्या असतात. आणि परसातला अळू त्याच्या वाटेला जाऊ देऊ नका.