मदत हवी आहे: भाच्याच्या नडगीच्या हाडातून सलाईन दिलं, आता काय बघायचं?

ऐरोलीची_मावशी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

धाकट्या बहिणीचा मुलगा, दहा महिन्यांचा, साडेआठ किलोचा. कोपरखैरण्याला असतात. शनिवारी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. रविवारी दुपारपर्यंत चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत होतो, पोटात काही टिकेना. संध्याकाळी डोळे खोल गेले, टाळू आत बसली, सकाळपासून डायपर कोरडा. मान टाकली तेव्हा रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात पळालो.

तिथे दोन सिस्टरांनी हात, पाय, शेवटी डोक्यावरची शीरही पाहिली. मिळेना. मग एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी गुडघ्याखाली जाड सुई फिरवत फिरवत थेट हाडात घातली आणि वीस मिलीच्या सिरिंजने सलाईन ढकलायला लागले. आठ की नऊ सिरिंजा, मी मोजत होते, दुसरं काय करणार. सुई घातली तेव्हा पोर रडलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने किंचाळलं, तेव्हा बहीण तिथेच फरशीवर बसली. दोन-तीन तासांनी हाताची शीर सापडली, हाडातली सुई काढली. बुधवारी घरी सोडलं.

बाळ आता खेळतंय. गोंधळ घरात आहे. बाळाच्या आजीचं म्हणणं, हाडाला भोक पाडलं, पोर लंगडं होणार, आणि वर मगज (हाडातली मज्जा) काढून घेतला. आजोबांना ब्लड कॅन्सर होता, तेव्हा कमरेच्या हाडातून पाणी काढलं होतं, ते आजींच्या डोक्यातून जात नाही. शेजारचे काका म्हणतात शिकाऊ डॉक्टरने हात साफ करून घेतला. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'आयओ, उजवी टिबिया' (म्हणजे हाडातून, उजवी नडगी) एवढंच. हे खरंच करतात का? पायाच्या वाढीवर परिणाम होतो का? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी

ताई, आधी पाय कसा आहे ते सांगा. पोटरी सुजलीय, कडक लागतेय? बोटं गार, निळसर? दोन्ही पाय सारखे झाडतो का? ताप? यातलं एकही असेल तर धागा वाचत बसू नका, आत्ता दाखवा.

मी ठाण्यात लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. हो, हे करतात, रीतसर शिकवतात. अंगातलं पाणी संपलं की शिरा चपट्या होतात, सुई लागत नाही. हाडाच्या आत मात्र रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं आणि भोवती हाडाचं कवच, त्यामुळे ते मिटत नाही. तिथे दिलेलं सलाईन मोठ्या शिरेतून थेट हृदयाकडे जातं. शिरेतून देतो ती औषधं, रक्तसुद्धा या वाटेने देता येतं. बाटली नुसती टांगली तर फार हळू उतरतं, म्हणून सिरिंजने ढकलतात. तुमच्या सिरिंजांचा हिशोबही बसतो: किलोला २० मिली, म्हणजे साडेआठ किलोला १७०.

जुना_मुलुंडकर

आमच्या वेळी कटडाउन करायचे, घोट्याजवळ कापून शीर शोधायची. हाडात सुई हे नवीनच फॅड दिसतंय.

भूलवाला

काका, फॅड तुमच्या-माझ्याहून जुनं आहे. १९२२ साली ड्रिंकर आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या हाडांमधला रक्तप्रवाह अभ्यासला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना छातीच्या हाडातून द्रव दिले गेले. पुढे शिरेत ठेवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, कॅन्युला, आल्या आणि सगळे विसरले. ते परत आलं त्यात आपलाही हात आहे: ऑर्लोव्स्की नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने भारतात कॉलऱ्याच्या साथीत हे होताना पाहिलं आणि १९८४ साली तिकडे लेख लिहिला. आणि कटडाउनला चांगल्या हातालाही कितीतरी मिनिटं जातात. हे मिनिटभरात होतं.

मावशी, मगज काढलेला नाही. सुई नीट बसली का बघायला थेंब-दोन थेंब ओढतात, कधी त्यावरच साखर तपासतात, एवढंच. सुई घालतात ती गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, सपाट जागी. हाड वाढतं तो पट्टा त्याच्या वर राहतो. अशा मुलांच्या पायांची लांबी नंतर मोजून पाहिली आहे, फरक आढळलेला नाही. भोक काही आठवड्यांत भरून येतं. धोके आहेतच. सुई हलली तर पाणी स्नायूंत जाऊन पोटरी ताठरते, हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित हाड चिरतं. म्हणून सुई २४ तासांच्या आत काढतात, तुमच्याकडे तर दोन-तीन तासांतच निघाली. संसर्ग मात्र काही दिवसांनी डोकं वर काढतो, म्हणून अजून दोन आठवडे लक्ष ठेवा.

ऐरोलीची_मावशी

ताप नाही, पोटरी मऊ, दोन्ही पायांनी मला लाथा मारतो. सुईच्या जागी निळा डाग आहे. एक राहिलं, आजींनी त्यावर हळदीचा लेप लावलाय.

रात्रपाळी

लेप धुऊन टाका, ताई. उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच पुसा, कोरडं ठेवा. हळदीखाली लाली आलेली कळणारही नाही. आणि झिंक चालू आहे ना? त्याच्या वयाला रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले तरी बंद करायचं नाही.

ऐरोलीची_मावशी

आज वाशीत बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, आजींना मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून पाहिला, सध्या एक्स-रे नको म्हणाले, पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. आजींनी एकच विचारलं, मगज काढला का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग त्या दिवशी तसं सांगायला काय झालं होतं?" डॉक्टर नुसते हसले. मला मात्र आजींचं पटलं. तेव्हा घाई होती मान्य, पण बुधवारी कार्ड हातात देताना दोन वाक्यं सांगता आली असती.

झिंक चालू आहे. गोळी चमच्यात विरघळवून देतो, निम्मी थुंकतो. त्यावर कुणाकडे युक्ती असेल तर सांगा.