समुद्रातल्या गाळावरून हजारो वर्षांआधीचा पाऊस कसा काय समजते?

वर्धाकाठ (वणी तालुका)
नमस्कार मंडळी. परवा कॉलेजात एका सरांनी सांगतलं का समुद्राच्या तळाचा गाळ काढून दहा हजार वर्षांआधीचा पाऊस कसा होता ते काढता येते, तवापासून डोक्यात तेच चालू आहे. आमचं वावर वर्धेच्या थडीले. २०२२ च्या पुरात पऱ्हाटी गेली अन् पाणी उतरल्यावर बोटभर गाळ बसला होता, वाळून त्याच्या खपल्या झाल्या, एक उचलून पाहली तर खाली रेती अन् वरते लोण्यासारखी बारीक माती. म्हणजे पुराची खूण राहते हे डोळ्यानं पाहलं. पण समुद्र कुठच्या कुठं, तिथल्या चिखलाले आमच्या मिरगाचं काय माहीत? आजा म्हणते पयले मिरग साधे, आता साधत नाही. असं आधीबी झालं का?

गाळचाळणी (माहेर आर्वी, सध्या गोवा)
दादा, मी याच कामात आहे. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुतला की माती निघून जाते आणि रव्यासारखं काहीतरी उरतं, ते म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलायचं, मायक्रोस्कोपखाली. त्यातलं ग्लोबिजेरिना बुलॉइड्स चार फुगे चिकटवल्यासारखं दिसतं. नैर्ऋत्य वारा जोरात असला की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावर खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि हा जीव भरपूर वाढतो, म्हणून ज्या थरात ही कवचं जास्त त्या काळात वारा जोरदार. थराचं वय कवचातल्या रेडिओकार्बनवरून, म्हणजे काळानुसार ठरावीक वेगानं घटत जाणाऱ्या कार्बनवरून.

पण हा झाला वारा, तुमच्याकडचा पाऊस नाही. त्यासाठी बंगालचा उपसागर बघा. तुमची वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला, म्हणजे तुमच्या वावरातली माती शेवटी तिथं. २००६ मध्ये गॅस हायड्रेट (समुद्रतळाखाली बर्फासारखा गोठलेला वायू) शोधायला जहाज आलं होतं, त्यांनी गोदावरीच्या मुखासमोर हजार मीटरहून खोल पाण्याखालून गाळाचा लांब खांब काढला आणि त्यात आपल्याकडच्या पानांवरचं मेण सापडलं! पानावरचा हा पातळ थर मातीसोबत वाहून जातो आणि हजारो वर्षं टिकतो. झाडांच्या मेणापेक्षा कुसळीसारख्या कोरड्यात तगणाऱ्या गवताच्या मेणात जड कार्बन जास्त असतो. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून हे गवताचं मेण वाढत गेलंय, १७०० वर्षांपूर्वी आणखी एक टप्पा, म्हणजे पाऊस घटत गेला. त्याआधी, ९-१० हजार वर्षांपूर्वी पावसाळा जोरदार, कारण तेव्हा पृथ्वी जुलैच्या सुमारास सूर्याच्या सगळ्यात जवळ असायची, आता जानेवारीत असते.

ज्वारीवाला (अकोला)
आमची पूर्णा तापीले मिळते म्हणून आमची माती खंबातच्या आखाताकडं जाते, तरी विचारतो. ताई, ज्वारीबी त्या गवतातलीच ना? मग लोकायनं जंगल तोडून ज्वारी पेरली असंन तरी मेण तसंच दिसंन, पाऊस कमी झाला हे कशावरून म्हणता?

गाळचाळणी
खरी अडचण तीच आहे भाऊ, म्हणून एका खुणेवर कोणी विसंबत नाही. तुमच्याजवळचं लोणार घ्या. त्या सरोवरातून पाणी बाहेर जात नाही, पाऊस घटला की खार वाढतो आणि गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे खडे तयार होतात, त्याला ज्वारीशी देणंघेणं नाही. तिथंही सुमारे ४६०० ते ३९०० आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा काळ कोरडा दिसतो. शेतीचा हात मात्र आहेच. गोदावरीच्या त्याच गाळात निओडिमियम (या धातूवरून माती कुठल्या खडकाची ते कळतं) मोजलं तर काळ्या खडकाची, म्हणजे आपल्याच काळ्या मातीची भर गेल्या तीन-चार हजार वर्षांत वाढलेली दिसते. पाऊस कमी होऊनही माती जास्त गेली, झाडोरा विरळ झाला आणि नांगर लागला म्हणून. मला हे वाचून खूप लागलं होतं.

आणि दादा, आजोबांचं. तिथला सेंटीमीटरभर गाळ म्हणजे दहा-पंधरा वर्षं, त्यात एकेक मिरग दिसत नाही. त्यासाठी तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी काढा.

वर्धाकाठ
म्हणजे आजाची सारी जिंदगी तिथं सहा-सात सेंटीमीटर. मंगळवारी तहसीलात जातो. ताई, त्या चार फुग्यायचा फोटो असंन तर टाका ना, आजाले दाखवाचा आहे.