‘सहवीजनिर्मिती’तला ‘सह’ कशाचा?

करवीर: एका प्रकल्पाच्या बातमीत ‘कोळशावरचा प्रस्तावित सहवीजनिर्मिती प्रकल्प’ असं छापलंय. कोल्हापुरात कोजन (सहवीजनिर्मितीच) म्हटलं की बगॅसच, म्हणजे उसाचं चिपाड. शब्द चुकलाय का?

शाहूपुरी: नाही. ‘सह’ वाफेचा आहे, इंधनाचा नाही. वीज कायदा २००३, कलम २(१२): एकाच प्रक्रियेत एकाच वेळी दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जारूपं तयार होणं, त्यात वीजही आली. इंधनाचा उल्लेखच नाही. साखर कारखान्यात चौरस सेंटिमीटरला ६७ किंवा ८७ किलो दाबाची वाफ टर्बाइन फिरवते आणि दाब उतरला की रस आटवायला इव्हॅपोरेटरकडं जाते. खाली बगॅस जाळा नाहीतर कोळसा, व्याख्येला चालतं. मात्र सगळी वाफ कंडेन्सरमध्ये जाऊन पाणी होत असेल, तर तो साधा औष्णिक प्रकल्प, पाटीवर काहीही रंगवा. गाळप संपल्यावर नुसती वीज विकणारं कोजनही त्या दिवसांत काटेकोरपणे ‘सह’ उरत नाही!

पंचगंगा: १९९६ च्या केंद्रीय ठरावातली कसोटी बघा. वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग, ही बेरीज इंधनातल्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त हवी. १०० एकक इंधनातून २१ वीज आणि ५० उष्णता मिळाली तर २१ + २५ = ४६, काठावर पास. उष्णता घेणारा कारखाना शेजारी नसेल तर हे गणित कागदावरच राहतं.

करवीर: मग कोळशाच्या कोजनला सवलत का नाही?

पंचगंगा: वीज कायद्याच्या कलम ८६(१)(ई) मध्ये प्रोत्साहन द्यायला सांगितलेली सहवीज आणि नवीकरणीय ऊर्जा शेजारी-शेजारी आहेत, भांडण तिथलंच. अपिलीय वीज न्यायाधिकरणानं २०१० साली सेंच्युरी रेयॉन प्रकरणात सांगितलं की इंधन कोणतंही असो, सहवीजेला प्रोत्साहन हवं. २०१३ साली लॉइड्स मेटल प्रकरणात न्यायाधिकरणाच्याच पूर्णपीठानं स्पष्ट केलं की कोळशाची सहवीज घेण्याची सक्ती वितरण कंपनीवर करता येणार नाही. म्हणजे नाव मिळालं, हक्काचं गिऱ्हाईक गेलं.

शाहूपुरी: त्याच बातमीत ‘समितीनं प्रकल्प रद्द केला’ असंही आहे, ते मात्र चूक. पर्यावरण मंजुरीसाठीची तज्ज्ञ समिती फक्त शिफारस करते. ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या कोळसा प्रकल्पाचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा. माहिती अपुरी असेल तर प्रस्ताव ‘लांबणीवर’ पडतो किंवा ‘सध्याच्या स्वरूपात परत’ जातो. पाण्याचा स्रोत, राखेची विल्हेवाट, कोळशाचा पुरवठा, इथंच अनेक प्रस्ताव अडतात. ‘नामंजूर’ हा वेगळा शेरा. आणि नोव्हेंबर २०२४ पर्यंत नुसती पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणून काम सुरू करता येत नव्हतं. प्रदूषण मंडळाचं ‘स्थापनेचं संमतीपत्र’ लागायचं; ‘चालवण्याचं’ मात्र आजही लागतं. संमतीपत्राला ‘ना-हरकत’ म्हणणं ढिलं आहे.

करवीर: ‘जनसुनावणी उधळली’ म्हणजे प्रकल्प गेला?

शाहूपुरी: नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. नोटीस किमान ३० दिवस आधी, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. तेवढ्यासाठी थांबा, आपला आक्षेप त्यात आलाय का ते तिथंच कळतं. हजर राहता आलं नाही तर लेखी हरकत द्या, तीही धरली जाते.